तीन-सहाचा आवाज

ताईचा आवाज दोनदा गेला. पहिल्यांदा आजाराने, हळूहळू, जिभेचा आणि ओठांचा एकेक धागा उसवत, पुरती दोन वर्षं घेऊन. दुसऱ्यांदा मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता, एका क्षणात, आणि तो घालवला छोटीने.

छोटी म्हणजे ताईची धाकटी बहीण. वय त्रेचाळीस, केस कानापाशी पांढरे, एका मोठ्या कंपनीत प्रोग्रामर, तरी घरात ती छोटीच. ताई शाळेत खेळाची शिक्षिका होती. तिने मैदानाच्या या टोकाला ‘थांब’ म्हटलं की त्या टोकाला पळणारी पोरं जागच्या जागी थांबायची. आजाराचं निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, आधी हात जातील, मग पाय, मग बोलणं, आणि डोळे बहुतेक शेवटपर्यंत राहतील. त्या आठवड्यात छोटी रजा टाकून आली आणि तिने ताईला कपड्यांच्या कपाटात बसवलं. खरोखरच बसवलं. गोधड्या आणि साड्यांमध्ये आवाज घुमत नाही, म्हणून. तीन आठवडे ताई त्या कपाटात एका उशीवर बसून मायक्रोफोनसमोर शब्द बोलत होती. चार हजार शब्द, आणि वर सुटे उच्चार. मग छोटीने एक प्रोग्राम लिहिला. ताईने पडद्यावरच्या अक्षरांकडे बघायचं, कॅमेरा तिची नजर पकडणार, आणि प्रोग्राम तिच्याच आवाजाचे तुकडे जोडून वाक्य बोलणार. तुकडे जोडण्याचं अवघड काम एका निवृत्त प्राध्यापकबाईंनी दिलेली लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला जोडायचा आयता भाग, करायची. ती तयार स्वरूपात मिळालेली होती, आतलं मूळ लिखाण बाईंनी कधी दिलं नव्हतं, आणि आता बाईही राहिल्या नव्हत्या.

ही लायब्ररी एकाच रनटाइमवर चालायची. रनटाइम म्हणजे प्रोग्राम ज्याच्या जिवावर चालतो ते इंजिन. त्याची दरवर्षी नवी आवृत्ती निघते. लायब्ररीला हवी होती आवृत्ती तीन-सहा. तीन-पाच नाही, तीन-सात नाही.

रविवारी ताईचा जुना कॅमेरा बंद पडला. मंगळवारी सकाळी आठ वाजता नवा आला, आणि त्याने हट्ट धरला की मला तीन-अकरा लागतं आणि मशीनची सगळी मूळ प्रणालीही नवी लागते. छोटी घाईत होती. तिने प्रणाली नवी करायला लावली. मध्येच पडद्यावर प्रश्न आला, जुन्या, न लागणाऱ्या गोष्टी काढून टाकायच्या का? तिच्या एका हातात चहाचा कप होता. दुसऱ्या हाताने तिने ‘हो’ दाबलं.

कॅमेरा झकास चालला. ताईची नजर जाईल तिथे पडद्यावरचा ठिपका धावला. ताईने एक शब्द निवडला, आणि खोलीत काहीच झालं नाही. छोटीने पडद्यावरची चुका दाखवणारी खिडकी उघडून बघितली. लाल अक्षरांत लिहिलं होतं की हा भाग तीन-सहासाठी बनवलेला आहे, आणि या मशीनवर तीन-सहा नाही. तिथेच सगळा प्रोग्राम गोठला, ताईने काय निवडलं तेही पडद्यावर दिसेना.

“काय झालं?” भावजींनी विचारलं. भावजी म्हणजे ताईचे यजमान, शहर बससेवेत ड्रायव्हर. आज त्यांनी सुट्टी टाकली होती.

“काही नाही. पाच मिनिटं द्या.”

“डॉक्टर चारला येणार आहेत.”

“माहितीय मला, भावजी.”

डॉक्टर चारला कशासाठी येणार होत्या, हे तिघांनाही पाठ होतं. ताईचा श्वास गेल्या महिन्यापासून उतरत चालला होता. आता गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी बसवायची आणि तिला कायमचं मशीनवर ठेवायचं, की नळी न बसवता, औषधांनी त्रास कमी करत, जेवढं चालेल तेवढं चालू द्यायचं, हे ठरवायचं होतं. नळी बसवली तर काही वर्षंही मिळतील, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. पण त्यांची एक अट होती. “मला हे तिच्याकडून ऐकायचंय. तुमच्याकडून नाही. आणि ठरायच्या आत श्वास अडकला, तर आम्हाला नळी घालावीच लागेल.” बुधवारी सकाळची शस्त्रक्रियेची वेळ त्यांनी राखून ठेवली होती.

छोटी मशीन शेजारच्या खोलीत नेऊन खाली बसली. हे काम तिला सोपं जायला हवं होतं, कारण एकाच मशीनवर अनेक रनटाइम सांभाळण्याच्या टूल्सबद्दल तिच्या ऑफिसात तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. गेल्याच वर्षी साहेबांच्या सांगण्यावरून तिने आणि तिच्या टेबलाशेजारच्या सहकाऱ्याने, ज्याला सगळे मिशी म्हणत, अशा टूल्सची तुलना केली होती. वेग किती, शिकायला किती सोपं, किती लोक वापरतात, डिस्कवर जागा किती खातं. सुंदर तक्ता झाला होता. साहेबांनी तो सगळ्या विभागांना पाठवला होता. आणि स्वतःच्या सख्ख्या बहिणीच्या मशीनवर त्यांतलं एकही टूल तिने बसवलं नव्हतं. एकच तर प्रोग्राम आहे, म्हणून.

तक्त्यात पहिला नंबर आलेल्या टूलला ते दोघं गवंडी म्हणत. हवी ती आवृत्ती सांगा, ते तिचा मूळ कोड उतरवून घेतं आणि तुमच्याच मशीनवर ती विटेवर वीट ठेवून बांधतं. साडेनऊला तिने गवंड्याला तीन-सहा बांधायला सांगितलं. काळ्या पडद्यावरून ओळी भराभरा वर सरकू लागल्या. ती उठून ताईजवळ गेली.

ताई टेकून बसलेली होती, मान एका बाजूच्या उशीवर. ती छोटीकडे बघत होती.

“येतोय आवाज,” छोटी म्हणाली. “बांधतोय. सात-आठ मिनिटं.”

ताईने वर बघितलं. वर बघणं म्हणजे हो. डोळे मिटून धरणं म्हणजे नाही. पण ती दमली की सुद्धा डोळे मिटून धरायची, आणि आता ती दिवसातला बराच वेळ दमलेली असायची.

गवंडी आठव्या मिनिटाला थांबला. जुन्या आवृत्तीला माहिती कुलूपबंद करणारी एक जुनी लायब्ररी हवी होती, नव्या प्रणालीत फक्त नवी होती, आणि दोघांची ओळखदेखील नव्हती. छोटीने जुनी लायब्ररी शोधून आणली, तीही बांधली, मग पुन्हा तीन-सहा बांधायला घेतलं. या वेळी काम शेवटापर्यंत गेलं. तिने श्वास रोखून ते सुरू केलं. एक ओळ आली आणि सगळं कोसळलं. पुन्हा केलं, पुन्हा कोसळलं. नवं बांधकामाचं सामान आणि जुना आराखडा, यांचं कुठेतरी आत पटत नव्हतं. तिने हा पर्याय लाव, तो काढ, असं करत अकरा वाजवले, साडेअकरा वाजवले. प्रत्येक वेळी आठ मिनिटं आणि प्रत्येक वेळी तीच एक ओळ.

“तू जेवून घे,” भावजी म्हणाले.

“नको.”

दुसऱ्या टूलचं नाव त्यांनी टपालवाला ठेवलं होतं. ते बांधत बसत नाही, आवृत्ती तयारच आणून दारात टाकतं, तीही काही सेकंदांत. तक्त्यात वेगाच्या रकान्यात त्याच्यापुढे तिने स्वतः तीन चांदण्या काढल्या होत्या. तिने टपालवाल्याला विचारलं. खरोखरच सेकंदात उत्तर आलं. त्याच्या यादीत तीन-आठच्या खाली काहीच नव्हतं. जुनं टपाल तो ठेवतच नव्हता. तिने वेड्या आशेने तीन-आठ मागवून बघितलं. लायब्ररीने तोंड फिरवलं.

 शेजारच्या खोलीतून भावजींचा आवाज येत होता म्हणून ती उठून दारात गेली. ते अक्षरांचा पुठ्ठा घेऊन ताईसमोर बसले होते. हा पुठ्ठा जुना होता, प्रोग्रामच्या आधीचा. एकेका ओळीवरून बोट फिरवायचं, ताईने वर बघितलं की थांबायचं. पापण्यांत जोर होता तेव्हा त्यावर एक वाक्य दहा मिनिटांत व्हायचं.

“क? ख? नाही. पुढची ओळ?” भावजी हळू, न कंटाळता बोट सरकवत होते. बराच वेळ गेला. “ही ओळ? त, थ, द... न? न का?”

ताईने वर बघितलं.

“न,” भावजी म्हणाले. मग बोट उचलून त्यांनी पुठ्ठा मांडीवर ठेवला आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. “नळी. नळी म्हणतेयस ना? नळी बसवू या. हो ना?”

ताईने डोळे मिटले आणि मिटूनच धरले.

“दमली,” भावजी छोटीकडे वळून म्हणाले. “पण सांगितलं तिने. तू ऐकलंस. न वर थांबली. नळी म्हणाली.”

छोटी दारात उभी होती. ‘न’ ने आणखी एक शब्द सुरू होतो, हे तिला कळलं होतं. भावजींनाही कळलं असणार, ते काही दूधखुळे नव्हते. पण त्या माणसाने चार वर्षं पहाटेची पाळी करून दुपारी बायकोला न्हाऊमाखू घातलं होतं, आणि त्याला त्या अक्षरापुढे एकच शब्द दिसत होता.

“भावजी, ती डोळे मिटून धरतेय.”

“दमलीय म्हटलं ना. किती वेळ बसवलंय आपण तिला.”

ताईच्या मिटलेल्या पापण्यांच्या कडेने पाणी आलं. डोळे दुखले तरी यायचं ते तसं. भावजींनी ते हलक्या हाताने पुसलं.

छोटी परत मशीनसमोर जाऊन बसली आणि तिच्या मनात जे आलं, ते तिने पुढे कुणालाही सांगितलं नाही. तिच्या मनात आलं की नाही चालला प्रोग्राम, तर नाही चालला. आपण तरी काय करणार, प्रयत्न तर केला. चार वाजता भावजी सांगतील, मी मान हलवेन, उद्या नळी बसेल आणि ताई राहील. आणखी दोन वर्षं, तीन वर्षं. फक्त हात मागे घ्यायचे. कुणी बोट दाखवणार नाही. ताईसुद्धा दाखवू शकणार नाही.

हे शेवटचं वाक्य मनात उमटलं आणि ती ताडकन उठली. ती बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारून आली. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने मिशीला फोन लावला.

“जेवतोय,” मिशी म्हणाला.

“ताट बाजूला ठेव. मला तीन-सहा हवंय. आत्ता. गवंडी कोसळतोय, टपालवाल्याकडे नाही.”

“तीन-सहा? ते तर कधीच...” मग तो थांबला. ताईच्या मशीनबद्दल त्याला माहीत होतं. “ताईंचं?”

“हो. माझ्या हाताने घालवलं मी.”

“बिऱ्हाड बघितलंस?”

 बिऱ्हाड हे तिसरं टूल. ते नुसती आवृत्ती आणत नाही. तिच्यासोबत तिला लागणारी झाडून सगळी लायब्ररी, तिच्या काळातली, भांड्याकुंड्यांसकट आणतं आणि मशीनच्या एका कोपऱ्यात वेगळा संसार थाटून देतं. बाहेरच्याशी त्याचा काही संबंध नाही. तक्त्यात ते शेवटून पहिलं होतं. शेऱ्याच्या रकान्यात छोटीने स्वतः लिहिलं होतं, ‘विनाकारण जड’.

“आपणच त्याला शून्य दिलंय,” ती म्हणाली.

“आपण वेग मोजला आणि जागा मोजली,” मिशी म्हणाला. “मेलेलं व्हर्जन कोण अजून जपून ठेवतं, असा रकाना आपण केला होता का? साहेबांनी विचारलं नाही, आपण मोजलं नाही. लाव आधी. मी फोनवर आहे.”

बिऱ्हाड यायला वेळ लागला. तीनशे, चारशे, सहाशे मेगाबाइट. टक्केवारी मुंगीच्या पावलाने पुढे जात होती आणि छोटी नखं खात होती. दोनला दहा कमी असताना ते मांडून झालं. तिने आवृत्ती विचारली. तीन-सहा. तिने लायब्ररी बोलावली. लाल अक्षरं आली नाहीत. तिने एक शब्द टाकून बघितला. ‘पाणी’. आणि भिंतीजवळच्या स्पीकरमधून ताई म्हणाली, “पाणी.”

शेजारच्या खोलीत भावजींच्या हातातून काहीतरी खाली पडलं.

“आला ना?” फोनमधून मिशीने विचारलं.

“आला,” छोटी म्हणाली. 

पण अर्धंच काम झालं होतं. कॅमेरा तीन-अकरावर, आवाज तीन-सहावर, एकाला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. मिशी फोनवर आणि ती मशीनवर, असा दोघांनी मिळून मध्ये एक पूल टाकला. कॅमेऱ्याच्या प्रोग्रामने ताईचं वाक्य तयार झालं की एका फाइलीत लिहायचं, आणि आवाजाच्या प्रोग्रामने ती फाइल सतत वाचत राहायची. पंचवीस ओळींचं काम, पण घाईने चुका होत होत्या. कंस राहायचा, नाव चुकायचं, मराठी अक्षरांच्या जागी चौकोन यायचे. तीन वाजले. साडेतीन वाजले. पावणेचारला तिने मशीन ताईसमोर नेऊन ठेवलं, आणि त्याच वेळी दारावरची घंटा वाजली. डॉक्टर पाव तास लवकर आल्या होत्या.

डॉक्टरांनी ताईची नाडी बघितली, बोटाला चिमटा लावून प्राणवायू बघितला, मग खुर्ची ओढून तिच्या नजरेसमोर बसल्या.

“तिने दुपारी सांगितलंय,” भावजी उभ्यानेच म्हणाले. “पुठ्ठ्यावर. नळी बसवा म्हणाली.”

डॉक्टरांनी छोटीकडे बघितलं.

“एकच अक्षर म्हणाली ती,” छोटी म्हणाली. “आता बोलेल. तिलाच विचारा.”

ताईची नजर पडद्यावर फिरू लागली. खोलीत पंख्याचा आवाज होता फक्त. एक मिनिट गेलं, दीड मिनिट गेलं. मग स्पीकरमधून तिचा मैदानावरचा, ठणठणीत आवाज आला.

“नळी नको.”

त्यातला ‘नको’ हसरा होता. कपाटात रेकॉर्डिंग चालू असताना छोटीने मध्येच पाणी हवंय का विचारलं होतं, ताई ‘नको’ म्हणाली होती, आणि तो इतका मोकळा निघाला होता की छोटीने तोच ठेवून दिला होता. आज तो तसाच, हसत, खोलीभर झाला. भावजी पलंगाच्या कडेवर बसले.

“चुकून गेली असेल नजर,” ते म्हणाले. “नवा कॅमेरा आहे.”

“चुकून नाही,” ताई म्हणाली. मग पुन्हा शोधाशोध, पुन्हा वाट बघणं. प्रत्येक वाक्याला मिनिट, दोन मिनिटं लागत होती आणि कुणीही तिचं वाक्य पुरं करायला गेलं नाही. “सकाळपासून मी बोलत होते. तुम्हाला ऐकू आलं नाही.”

छोटीने मान खाली घातली.

“कधीतरी डोळे पण जातील. मग नळी काढा हे कसं सांगू? कुणाला सांगू? तुम्हा दोघांना ते जमणार नाही. म्हणून बसवायचीच नाही.”

डॉक्टरांनी तिला आणखी चार प्रश्न विचारले, वेगवेगळ्या तऱ्हेने, उलटसुलट. तिने चारही उत्तरं न डगमगता दिली. डॉक्टरांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं, आणि म्हणाल्या, “कधीही विचार बदलला तर मला फोन करायचा. लाज वाटून घ्यायची नाही.” जाताना त्यांनी भावजींच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला.  ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले, पाठ खोलीकडे करून.

छोटी ताईच्या पायाशी बसली. तिला विचारायचं नव्हतं आणि विचारल्यावाचून राहवलंही नाही.

“ताई, आज हे माझ्यामुळे झालं. आज आवाज गेलाच नसता, तर तू हो म्हणाली असतीस?”

ताईची नजर पडद्यावर गेली. अक्षरांवरून फिरली, थांबली, पुन्हा फिरली. तिने दोनदा काहीतरी लिहिलं आणि दोनदा पुसलं.

“माहीत नाही,” ती म्हणाली.

छोटीने तिचे पाय मांडीवर घेतले आणि चोळत बसली. पायांना ते जाणवत होतं. हलत नसले, तरी जाणवायचं सगळं. थोड्या वेळाने भावजी आत आले. डोळे लाल, पण आवाज धड. त्यांनी छोटीला विचारलं, “हे दोन प्रोग्राम सुरू कसे करायचे? तू उद्या गेलीस की मला येत नाही म्हणून ती गप्प बसायला नको.”

छोटीने त्यांना शेजारी बसवलं. आधी हे चालू करायचं, मग ते. मध्ये कसलाही प्रश्न आला तर ‘हो’ दाबायचं नाही, मला फोन करायचा. भावजींनी बसच्या वेळापत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला सगळं आपल्या मोठ्या, गोल अक्षरात उतरवून घेतलं. दोनदा स्वतः करून बघितलं. दुसऱ्यांदा जमलं.

ताई त्यानंतर नऊ आठवडे होती. त्या नऊ आठवड्यांत तिने भावजींना उशी नीट लावता येत नाही म्हणून रागावलं, शाळेतल्या जुन्या मुलींना फोनवर सल्ले दिले, आणि नळीबद्दल डॉक्टरांनी दोनदा पुन्हा विचारलं तेव्हा दोनदाही तेच उत्तर दिलं. शेवटचे तीन दिवस ती फारसं बोलली नाही. गेली ती दुपारी, भावजींचा हात कपाळावर असताना.

महिनाभराने छोटी घरी आली तेव्हा मशीन त्याच जागी होतं, झाकून ठेवलेलं. भावजींनी विचारलं, हे तू घेऊन जातेस का. तिने विचारलं, तुम्हाला हवंय का. भावजींनी मशीनवरचं कापड हाताने सारखं केलं. मग भावजी चहा टाकायला उठले, आणि ती त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली.